आधी सवाल, मग सलाम

आपांना फोन लावला, की पलीकडून ‘हॅलो’ कधीच येत नसे. त्यांच्या मोबाइलवर माझे नाव उमटलेले असे, नावाशेजारी माझे छायाचित्रही असे, तरी आपा क्षणभर थांबत आणि बाकावरून उठवलेल्या मुलीला विचारावे तशा विचारीत, “सहलीची बस कुठं बंद पडल्ती?” मी उत्तर देई, “हिमालयात.” मग त्यांचा आवाज एकदम सैल होई. “बराबर. बोल सुलभा, काय करून राह्यली?” हे संभाषण प्रथमच ऐकणारा माणूस माझ्याकडे काळजीने पाहत असे. आमची ती बस राजूरच्या अलीकडे बंद पडली होती, हे सहलीला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आणि नेमके म्हणूनच ते उत्तर आपांना चालत नव्हते. “आधी सवाल, मंग सलाम,” हा त्यांचा नियम होता आणि तो घरच्यांनाही सुटलेला नव्हता.

आपा भोकरदनच्या शाळेत भूगोल शिकवीत आणि मी विज्ञान. त्यांचे माहेर जाफराबादचे. घरी उर्दू, वर्गात मराठी आणि राग आला की दोन्ही, अशी त्यांची भाषेची वाटणी होती. फळ्याकडे पाठ करून त्या महाराष्ट्राचा नकाशा काढू शकत. कोकण किनाऱ्यावरची बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणून घेणे हा त्यांचा आवडता पाठ. एखाद्या मुलाने मधले बंदर गाळले, तर त्या म्हणत, “जहाज माघारी घ्या,” आणि त्याला पुन्हा उत्तरेपासून सुरुवात करावी लागे. एवढे सगळे शिकवणाऱ्या आपांनी समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. आम्ही चिडवले, की त्यांचे उत्तर तयार असे. “नकाशात पाह्यला ना. पाय भिजले न्हाई म्हणून काय झालं?”

निवृत्त झाल्यावर आम्हा सर्व शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप गट तयार झाला. त्याचे नाव ‘सांजवेळ’. सकाळी फुले, दुपारी सुविचार आणि संध्याकाळी कुठला तरी पाला उकळून प्यायल्याने मोतीबिंदू कसा विरघळतो याची माहिती, असा त्याचा दिनक्रम होता. आपा फुलांकडे दुर्लक्ष करीत, पण अशी माहिती दिसली, की तिच्याखाली वहीतल्या लाल शाईसारखे तीन प्रश्न उमटत: “कोणी सांगितले? कधी? कशावरून?” एकदा मोतीबिंदूचा तो संदेश खुद्द आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी पाठवला. आपांनी लिहिले, “सर, पुरावा आणा. तोवर बाकावर उभे राहा.” काही वेळाने सरांनी उभ्या माणसाचे चिन्ह पाठवले आणि खाली लिहिले, “गुडघे दुखतात. बसू का?” आपांनी परवानगी दिली.

अशा चौकस बाईंनाही एका दुपारी फसवले गेले, आणि ज्या रीतीने फसवले गेले त्या रीतीने केवळ शिक्षकच फसू शकतो. अनोळखी क्रमांकावरून संदेश आला: ‘मॅडम, मी तुमची विद्यार्थिनी. परीक्षेच्या फॉर्मवर चुकून तुमचा नंबर पडला. तुमच्या मोबाइलवर सहा आकडी कोड आला असेल, तेवढा सांगता का? आज शेवटची तारीख आहे.’ मॅडम, फॉर्म आणि शेवटची तारीख या तिन्हींपुढे जन्मभर शाळेत घालवलेले मन टिकत नाही. आपांनी कोड कळवला. एवढेच नव्हे, तर खाली लिहिले, “घाई करू नको बेटा. नाव दोनदा तपास.” तो कोड कोणत्याही फॉर्मचा नव्हता. ती आपांच्याच व्हॉट्सॲप खात्याची किल्ली होती. आपल्या मोबाइलवर आलेला असा कोड कोणीही, कोणत्याही कारणाने मागितला तरी तो द्यायचा नसतो, हे मी आज इथेही पुन्हा लिहून ठेवते. कारण आपा असत्या, तर त्यांनी तीच सूचना ठळक अक्षरांत लिहायला लावली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सांजवेळ’वर आपांच्या नावाने गुलाब आले. सगळ्यांनी नमस्कार केले. नंतर एकेकाला वेगळा संदेश येऊ लागला, की तुमच्याकडे चुकून माझा कोड आला आहे, तो पाठवा. मला आलेला संदेश ‘डिअर सुलभा मॅडम’ असा सुरू होत होता. मी चपला घातल्या आणि त्यांच्या घरी गेले. आपा ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या.

“आपा, तुम्ही मला डिअर म्हणालात का?”

“मी? तुला?” त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. “दिमाग ठिकाणावर हाय का तुझा?”

खाते परत मिळायला काही दिवस गेले. मग त्याला दुसरे कुलूपही बसवले, म्हणजे कोड मिळाला तरी आपण ठरवलेला वेगळा आकडा दिल्याशिवाय कोणाला आत येता येऊ नये. पण आपांना लागले ते खाते गेल्याचे नव्हे. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, “सुलभा, माझ्या नावानं कुणीतरी बोलत व्हतं, अन् समदे त्याला नमस्कार करून राह्यले व्हते. गुलाब छान हाय म्हणे. इतकी वर्सं सोबत काढली, मी कधी गुलाब धाडला का कुणाला? मंग माझी वळख म्हणजे काय, निस्ता नंबर अन् फोटो?”

त्या दिवसापासून सवाल सुरू झाले. प्रत्येक जवळच्या माणसासाठी वेगळा सवाल आणि त्याचे दोघांत ठरलेले खोटे उत्तर. खोटे का, हेही त्यांनी आम्हाला शिकवल्यासारखे समजावून सांगितले. “खरं उत्तर गावाला माहीत राहतं. माझं माहेर कोणतं, हे रिक्षावाला बी सांगंल. खोटं उत्तर निस्तं आपलं राहतं.” वेबसाइटवर खाते उघडताना जन्मगाव किंवा पहिली शाळा विचारतात, तिथेही खरे लिहू नये, खोटे लिहावे आणि ते पक्के लक्षात ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. पासवर्डविषयी त्या म्हणत, “रोज्यासारखा राहतो तो. ज्याचा त्याला ठाऊक अन् वरच्याला ठाऊक.” मी एकदा विचारले, “वरच्याला तरी कशाला, आपा?” त्या म्हणाल्या, “तो कुणाला फॉरवर्ड करत न्हाई.”

एकदा मी त्यांच्या घरी असताना त्यांना फोन आला. त्यांनी तो मलाही ऐकू येईल असा लावला. पलीकडचा तरुण आवाज म्हणाला, “मैडम, मैं बैंक से बोल रहा हूँ. आपका कार्ड आज बंद हो जाएगा.”

“पहले सवाल,” आपा म्हणाल्या. “महाराष्ट्र का सबसे ऊँचा शिखर कौन सा?”

“मैडम, वो आप कार्ड का नंबर—”

“कार्ड कहीं भागा नहीं जा रहा. शिखर बोलो.”

मग तो आवाज हळूच म्हणाला, “कळसूबाई.”

“बराबर. इतने होशियार होके ये काम करते, बेटा?”

फोन कट झाला. मला हसू आवरेना. आपा मात्र हसल्या नाहीत. “आवाज कवळा व्हता,” त्या म्हणाल्या. “कुणाचा तरी विद्यार्थी असंल.”

या नियमाला एकच माणूस जुमानत नसे, ते म्हणजे त्यांचे यजमान. बाजारात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. आपा त्यांचे नाव कधी घेत नसत. ‘नाजिमाचे अब्बा’ म्हणत; आम्ही ‘भाई’ म्हणत असू. नाजिमा ही त्यांची एकुलती मुलगी, जालन्याला बियाण्यांच्या एका कंपनीच्या कार्यालयात नोकरीला. नाजिमाच्या अब्बांचा सवाल होता, “चाय में शक्कर कितनी?” ठरलेले उत्तर होते, “एक किलो.” ते उत्तर भाईंनी आयुष्यात एकदाही दिले नाही. कधी म्हणत, “ऊँट से पूछो.” कधी म्हणत, “घड़ी बंद है, बाद में बताता.” आपा माझ्याकडे पाहून मान हलवीत. “बघ, हे तेच हायेत. चोर अभ्यास करून येईल, बराबर उत्तर देईल. चुकीचं उत्तर द्यायची हिंमत यांचीच.”

संध्याकाळी दुकान बंद करून भाई भाजीबाजारात जात. तिथून त्यांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ते आवाज पाठवीत. “अस्सलाम अलैकुम. मेथी ताज़ी है, चुका बी है. क्या लेलूँ? जल्दी बोलो, भाजीवाली उठके जा रही.” आपा उलट आवाज पाठवीत: “मेथी.” वर्षानुवर्षे त्या दोघांचा हाच पत्रव्यवहार होता. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने भाई गेले. चाळिसावा दिवस झाल्यावर आपांनी मला बोलावून घेतले आणि त्यांचे ते सगळे आवाज आपल्या ईमेल खात्यात जपून ठेवायला सांगितले. “मोबाइल पडतो, फुटतो,” त्या म्हणाल्या. “हे पडायला नको.” त्यासाठी जुनेच, कधी फारसे न वापरलेले खाते नव्याने पक्के केले. पासवर्ड विसरल्यास विचारायचा प्रश्न तिथे होता: ‘तुमचे जन्मगाव कोणते?’ आपांनी पडद्यावर तळहाताची आड धरली. “तिकडं बघ,” त्या म्हणाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले.

त्यानंतर किती काळाने हे सुरू झाले, ते नेमके सांगता येत नाही. असल्या आजाराला सुरुवात नसते, ती मागाहून शोधावी लागते. प्रथम एवढेच झाले, की सवालाचे उत्तर ऐकून “बराबर” म्हटल्यावर थोड्या वेळाने आपा तोच सवाल पुन्हा विचारीत. मी पुन्हा हिमालयात जाऊन येई. मग एक दिवस मी “हिमालयात” म्हटले आणि पलीकडून कठोर आवाज आला, “चूक. राजूरच्या अलीकडं.” उत्तर खरे होते. आमच्या दोघींचे जे खोटे होते, ते त्यांच्याकडून हरवले होते.

नाजिमा नोकरी सोडून भोकरदनला आली. आपा दिवसातून अनेकदा विचारू लागल्या, “अब्बा कहाँ है तेरे? अब तक नहीं आए?” नाजिमाने खरे सांगितले. दर वेळी ती बातमी आपांना नवी असे, आणि दर वेळी त्या नव्याने रडत. आईला दररोज विधवा करण्याचे बळ कोणत्या मुलीत असते? नाजिमा मला म्हणाली, “मावशी, अब्बांचा आवाज ऐकवला तर? गेले म्हणून सांगायच्या ऐवजी?”

विचार योग्य होता, पण वाट बंद होती. आपांचा जुना मोबाइल पाण्याच्या हंड्यात पडून गेला होता. रिचार्ज न झाल्याने तो क्रमांकही बंद झालेला. ईमेलचा पासवर्ड आपांना आठवत नव्हता, आणि नवा मागितला तर कोड त्या बंद क्रमांकावर जाई. उरला तो जन्मगावाचा प्रश्न. नाजिमाने ‘जाफराबाद’ लिहिले, ‘भोकरदन’ लिहिले, ‘जालना’ लिहिले. खात्याने काही काळासाठी दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी मी दिल्ली, हैदराबाद करून पाहिले. पुन्हा दार लागले. आपांनी कुलूप उत्तम निवडले होते. चोरासारख्या आम्ही दोघी त्याच्या बाहेर उभ्या होतो आणि आत भाई मेथीचा भाव करीत होते.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी बसले होते. कूलर घरघरत होता. आपा डोळे मिटून म्हणाल्या, “भरती आली.”

“कसली भरती, आपा?”

“समुद्राची. आमच्या हर्णैला असंच वाजतं रातभर.”

चूक दिसली की दुरुस्त करण्याची आमची सवय जात नाही. मी म्हणाले, “आपा, तुम्ही जाफराबादच्या.”

त्यांनी डोळे उघडले. “तू कोण सांगणारी? मी हर्णैची. तिथंच जलमले मी.”

नाजिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने दुपट्टा तोंडाला लावला. “अम्मीचं माहेर बी गेलं, मावशी,” ती म्हणाली. मी निरोप घेऊन ओट्यावर आले, चपलेत पाय घातला आणि तिथेच थांबले. ज्या बाईने समुद्र केवळ नकाशात पाहिला, ती जन्माला यायला किनाऱ्यावर कधी गेली? मी परत आत आले. “नाजिमा, मोबाइल आण.” जन्मगावाच्या रकान्यात तिने ते बंदर लिहिले. दार उघडले.

भाईंचे सगळे आवाज तिथे होते. नाजिमाने आईजवळ बसून पहिला लावला. “अस्सलाम अलैकुम. मेथी ताज़ी है, चुका बी है. क्या लेलूँ?” आम्ही दोघी आपांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो चेहरा आक्रसला.

“कौन है ये?”

“अम्मी, अब्बा हैं.”

“आवाज बी चोरता येतो आजकाल,” आपा माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाल्या. “बंद कर ते. आधी सवाल विचार.”

हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. ध्वनिमुद्रणाला सवाल विचारता येत नाही, हे मात्र त्यांना कोण शिकवणार? नाजिमा तो आवाज बंद करू लागली. तेवढ्यात आपांनीच मोबाइल ओढून तोंडाजवळ धरला आणि दरडावून विचारले, “चाय में शक्कर कितनी?”

दुसरे काहीच सुचले नाही म्हणून नाजिमाने पुढचा आवाज लावला. भाई म्हणाले, “मेथी खतम हो गई. गाजर लेके आ रहा हूँ.”

आपांच्या ओठांच्या कडेला हळूहळू हसू आले. कित्येक महिन्यांत ते मी पाहिले नव्हते.

“गलत,” त्या म्हणाल्या. “बिलकुल गलत. हे तेच हायेत.” मग मोबाइलला म्हणाल्या, “गाजर नक्को. मेथीच लाओ. और जल्दी आओ.”

इथवर सारे आम्हाला हवे होते तसेच झाले. पुढचे आमच्या ध्यानी आले नव्हते. आपांनी नाजिमाच्या खांद्याचा आधार घेतला, त्या ओट्यावर आल्या आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या. यजमान येतो म्हणाले होते. उन्हे उतरली, जाफराबादची बस गेली, दिवे लागले. आपा उठेनात. दुसऱ्या दिवशी तोच आवाज, तोच सवाल, तीच वाट पाहणे. आता त्या रडत नव्हत्या, हे खरे. आता त्या थांबल्या होत्या. नाजिमाने मला विचारले, “मावशी, आपण हे बरं केलं का वाईट?”

उत्तर शेवटी तिनेच शोधले. रोज संध्याकाळी ती बाजारातून मेथीची जुडी आणू लागली. आईच्या मांडीवर ठेवून म्हणे, “अब्बाने भेजी. दुकान में गिऱ्हाईक है.” आपा जुडी सोडीत, मातीचा वास घेत आणि निवडायला बसत. मन सगळे विसरले होते. बोटे काडी आणि पान यांत चुकत नव्हती. मेथी निवडून होईतो वाट पाहणेही संपलेले असे. रोज मेथी करून नाजिमा कंटाळली, शेजारणीही कंटाळल्या. मलाही अनेकदा डबा मिळाला.

शेवटची भेट अशाच एका संध्याकाळची. मी ओट्याची पायरी चढले. आपांनी मान वर केली. डोळ्यांत माझे नाव नव्हते. पण हात उचलून त्यांनी मला तिथेच थांबवले. “आधी सवाल,” त्या म्हणाल्या. मी थांबले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. सवाल येईना. त्या हातातल्या मेथीकडे पाहू लागल्या, जणू तिथे तो लिहिलेला असावा. मी त्यांच्याजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सहलीची बस कुठं बंद पडल्ती, आपा?” पाठ न केलेल्या मुलीसारख्या त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. तेव्हा उत्तरही मीच दिले. “हिमालयात.”

त्यांनी थोडा विचार केला. “बराबर,” म्हणाल्या, आणि अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. त्यांनी मला ओळखले, की उत्तर देणाऱ्या विद्यार्थिनीला नापास करवेना, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही मेथी निवडली.

थंडीत त्या गेल्या. पहाटे मोबाइलवर नाजिमाचे नाव उमटले. मी सवाल विचारला नाही. ते रडणे चोरता येण्यासारखे नव्हते.

आता आम्ही दोघी एकमेकींना फोन करतो, तेव्हा आधी विचारतो, “अम्मीचं माहेर?” आणि पलीकडून त्या बंदराचे नाव येते. काळजीपूर्वक वाचणाऱ्यांच्या मनात शंका आली असेल, की ते नाव तर मी वर लिहून टाकले. तसे नाही. मी लिहिलेले बंदर वेगळे आहे. किनाऱ्यावर बंदरे पुष्कळ आहेत, आणि तेवढे मला आपांनी शिकवलेले आहे. हिमालय मात्र खराच लिहिला. तो सवाल विचारणारे आता कोणी नाही.

कधी संध्याकाळी मेथी निवडताना मी ती बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणत जाते. त्यांतल्या एका नावाशी आवाज अडतो. ते नाव मी मनातल्या मनात म्हणते, आणि जहाज पुढे नेते.